गुडघ्याचा फॉर्म अरबीत नेताना: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली सहा पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. विषय आहे केओओएस या गुडघ्याच्या प्रश्नावलीचा, म्हणजे तो छापील फॉर्म जो पेशंट स्वतः भरतो, जिना उतरताना किती दुखतं, रात्री अंथरुणात दुखतं का, खाली वाकता येतं का, आणि त्यावरून आपण स्कोअर काढतो. हा फॉर्म अरबी बोलणाऱ्या पेशंटला द्यायचा तर काय करायचं असं विचारणारी पत्रं मस्कत, कुवेत, दुबईहून आलीयत आणि मुंबई-पुण्याहूनसुद्धा, कारण आखातातले आणि येमेनमधले पेशंट आता आपल्याकडेही येतात. मी अकरा वर्षं मस्कतला फिजिओथेरपिस्ट होते आणि अशाच एका भाषांतराच्या टीममध्ये होते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. उत्तरं थोडी लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न: मॅडम, आमच्या डिपार्टमेंटला केओओएसचा फॉर्म इंग्रजीतच आहे. पेशंट समोर बसतो, आमची ओमानी रिसेप्शनिस्ट किंवा जो कोणी मोकळा असेल तो एकेक प्रश्न अरबीत सांगतो आणि मी टिक करते. काम होतंय. मग भाषांतराचा एवढा घाट कशाला घालायचा? मलाही आता कामापुरतं अरबी येतं. (मस्कत)

काम होतंय असं वाटतं, मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. पण जरा विचार करा, आज रिसेप्शनिस्टने सांगितलं, सहा आठवड्यांनी तोच पेशंट परत आला तेव्हा ती रजेवर होती आणि वॉर्डबॉयने सांगितलं. दोघांनी आपापल्या मनाने शब्द वापरले. आता स्कोअर ४२ वरून ५५ झाला, तर गुडघा सुधारला की सांगणारा बदलला? ते कुणीच सांगू शकणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केओओएस ही एवा रूस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८८ साली, वोमॅक नावाची २४ प्रश्नांची प्रश्नावली आली होती, ती मुख्यतः गुडघा आणि खुब्याची झीज झालेल्या पेशंटसाठी होती. रूस यांना खेळताना लिगामेंट किंवा गादी फाटलेले तरुण पेशंटही त्यात बसवायचे होते, म्हणून वोमॅकचे सगळे प्रश्न घेऊन त्यात भर घातली. एकूण ४२ प्रश्न, पाच भाग: दुखणं ९, इतर लक्षणं ७, रोजची कामं १७, खेळ आणि करमणूक ५, आणि गुडघ्यामुळे आयुष्यावर झालेला परिणाम ४. प्रत्येक उत्तराला ० ते ४ मार्क, मग प्रत्येक भागाचा स्कोअर ० ते १०० मध्ये बदलतात, १०० म्हणजे काहीच त्रास नाही. पाचही भाग वेगवेगळे वाचायचे, सगळ्यांची बेरीज करायची नाही, ही चूक बरेच जण करतात.

या फॉर्मचा सगळा अर्थ एकाच गोष्टीवर उभा आहे, की प्रत्येक पेशंटला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला गेला. शब्द बदलले की फूटपट्टी बदलली.

आणि कामापुरत्या अरबीवर फार भरवसा ठेवू नका, हे अनुभवाने सांगते. आपल्या मराठीत अरबीतून आलेले किती शब्द आहेत, इलाज, तब्येत, त्यामुळे आपल्याला उगाच वाटतं की आपण निम्मे तिथलेच. नवीन असताना मी एका आतल्या गावाहून आलेल्या आजोबांना गुडघ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तकलीफ?" आजोबांनी मुलाकडे बघितलं, मुलाने खिशातून पाकीट काढलं. तकलीफ म्हणजे आपल्याकडे त्रास, पण अरबीत त्याचा अर्थ एखाद्यावर काम किंवा भार टाकणं, आणि तकालीफ म्हणजे सरळसरळ खर्च. त्यांना वाटलं मी बिलाचं बोलतेय. गरीबचंही तसंच, आपल्याकडे पैसे नसलेला, तिकडे परका, अनोळखी. शब्द ओळखीचा वाटला की जास्त सावध व्हायचं.

प्रश्न: ताई, मी पुण्यात एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ओपीडीला येमेनी आणि ओमानी पेशंट बरेच येतात म्हणून मी थिसिससाठी केओओएसचं अरबी भाषांतर करायचं ठरवलंय, गाईड हो म्हणालेत. पण कुठली अरबी घ्यायची? माझा येमेनी मित्र म्हणतो पुस्तकी अरबी कोणी बोलतच नाही. आणि नेमक्या पायऱ्या काय असतात? (पुणे)

सगळ्यात आधी थांब आणि शोध घे. केओओएसचं अरबी रूप आधीच झालंय, इजिप्तमधल्या पेशंटवर तपासून २०१३ साली ते प्रसिद्धही झालं. वोमॅकचं ट्युनिशियात २००४ साली झालं, मोरोक्कोत २००८ साली झालं. नवं भाषांतर करण्याआधी जे आहे ते मिळव, परवानगीच्या अटी बघ (केओओएस वापरायला मोफत आहे, वोमॅक आणि ऑक्सफर्डचा गुडघ्याचा स्कोअर यांना लायसन्स लागतं) आणि मग स्वतःला विचार की इजिप्तसाठी केलेलं तुझ्या येमेनी पेशंटला चालतंय का. हे तपासणं हाही पूर्ण थिसिसचा विषय आहे, आणि माझ्या मते नवीन भाषांतरापेक्षा जास्त उपयोगाचा. एकाच प्रश्नावलीची चार अरबी रूपं झाली की कुठला स्कोअर कुठल्याशी ताडून बघायचा, काही कळत नाही.

आता कुठली अरबी. तुझा मित्र बरोबर बोलतोय पण अर्धंच. अरबीत लिहायची भाषा एक, फुसहा, आणि घरात बोलायची भाषा दुसरी, आम्मिया, आणि ती बोली देशागणिक वेगळी. आपल्याकडे मालवणी आणि वऱ्हाडीत फरक असतो ना, तिकडे त्याहून कितीतरी जास्त, मोरोक्कोचा माणूस घरच्या बोलीत भरभर बोलायला लागला तर ओमानी माणूस चाचपडतो. पण बातम्या, पेपर, सरकारी फॉर्म, शाळेची पुस्तकं सगळं फुसहात, त्यामुळे शिकलेल्या माणसाला ती सगळीकडे वाचता येते. पूर्ण बोलीत फॉर्म लिहिला तर एका देशापुरता राहतो आणि शिवाय पेशंटला तो कागद फालतू वाटतो, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलचा कागद आणि भाषा गल्लीतली, असं. उलट जड फुसहात लिहिला तर कमी शिकलेली आजी मुलाच्या तोंडाकडे बघते. आपण "आपणांस जानुसंधीत वेदना जाणवतात काय" असं विचारलं तर जे होईल तेच. म्हणून मधला रस्ता: व्याकरण फुसहाचं पण वाक्यं छोटी, आणि शब्द असे निवडायचे जे बहुतेक बोलींत ओळखीचे आहेत. रुकबा म्हणजे गुडघा, हे सगळीकडे चालतं. दुखण्याला पुस्तकी शब्द अलम, घरचा शब्द वजअ, दोन्ही बहुतेकांना कळतात.

खरी अडचण कुठे येते ते सांगते. इंग्रजीत सकाळी गुडघा आखडण्याबद्दल दोन प्रश्न आहेत, त्याआधी कटकट-करकर आवाज येतो का असा वेगळा प्रश्न आहे. इजिप्तमध्ये गुडघ्याच्या झिजेलाच लोक खुशूना म्हणतात, शब्दशः खरखरीतपणा. म्हणजे भाषांतरात कुठेही खुशूना आलं की पेशंटच्या डोक्यात लक्षण येत नाही, अख्खा आजार येतो. तो म्हणणार, हो डॉक्टर म्हणाले मला खुशूना आहे, आणि सगळ्यात वरचा पर्याय टिक करणार. आखडण्यासाठी तयब्बुस हा वैद्यकीय शब्द आहे, पण तो एकटा टाकला तर बऱ्याच जणांना कळत नाही. सुदैवाने मूळ फॉर्ममध्येच त्या प्रश्नांच्या वर खुलासा आहे की सांधा हलवताना अडल्यासारखं किंवा मंदावल्यासारखं वाटणं म्हणजे आखडणं. तो खुलासा नीट भाषांतरित केला तर निम्मं काम होतं, आणि बरेच जण नेमका तोच घाईघाईत उरकतात.

पायऱ्या २००० साली बीटन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीतून घे, या क्षेत्रात बहुतेक जण तीच वापरतात. दोन अरबी मातृभाषेचे लोक स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यातल्या एकाला विषय माहीत असतो आणि दुसऱ्याला मुद्दाम सांगितलेलं नसतं, म्हणजे तो सामान्य माणसासारखं लिहितो. मग दोघं एकत्र बसून एक मसुदा. मग ज्यांनी मूळ फॉर्म बघितलेलाच नाही असे दोन जण तो परत इंग्रजीत आणतात. मग समिती, त्यात भाषेचा माणूस, डॉक्टर किंवा फिजिओ, पद्धतीचा जाणकार आणि सगळे भाषांतरकार. आणि शेवटी ३० ते ४० पेशंटवर चाचणी, भरून झाल्यावर प्रत्येकाला विचारायचं की या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला.

उलट भाषांतर जुळलं म्हणजे झालं, असं समजू नकोस गं. उलट भाषांतराने ढोबळ चुका पकडल्या जातात, बस. शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाईट भाषांतर उलट फिरवलं की अगदी छान जुळतं, कारण शब्दाला शब्द परत येतो. ते जिवंत माणसाला कळतं का ते फक्त त्या शेवटच्या चाचणीत दिसतं, आणि लोक वेळ नाही म्हणून तीच उरकतात.

आमच्या चाचणीतला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. आयुष्याच्या भागात प्रश्न आहे की गुडघ्यावर भरवसा वाटत नाही याचा तुम्हाला किती त्रास होतो. मराठीत हे सहज बसतं, पायावर भरवसा राहिला नाही असं आपण म्हणतोच. अरबीत आम्ही सिका शब्द घातला, विश्वास, व्याकरण अगदी बरोबर. साठीच्या पुढचे एक गृहस्थ वाचता वाचता थांबले, कागद खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, भरवसा अल्लाहवर, गुडघ्यावर कसला? आणि टिक न करता पुढे गेले. आम्ही त्या रात्री बसून वाक्य बदललं, चालताना गुडघा दगा देईल अशी धास्ती वाटते का, या अंगाने. त्याच माणसाने पुढच्या वेळी लगेच टिक केलं आणि वर विहिरीजवळच्या पायऱ्यांची गोष्टही सांगितली. समितीतल्या पाचही शिकलेल्या लोकांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

प्रश्न: नमस्कार. मी कुवेतला आहे. आमचे वयस्कर पेशंट पळणे, उडी मारणे हे प्रश्न कोरे सोडतात. बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न वाचून विचारतात हे काय. आणि स्वतःहून सांगतात की नमाज पढता येत नाही, जे फॉर्ममध्ये कुठेच नाही. मी बाथटब काढून नमाजचा प्रश्न घातला तर चालेल का?

तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि ते पेशंट जे सांगतायत तेच खरं ऐकण्यासारखं आहे.

फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजचा हिशोब बघा. रकात म्हणजे नमाजचा एक पूर्ण फेरा. पहाटे २ रकात, दुपारी ४, असरला ४, मगरिबला ३, इशाला ४, म्हणजे दिवसाला १७. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे ३४ वेळा कपाळ जमिनीला, मध्ये पाय दुमडून बसणं, आणि पुन्हा पुन्हा जमिनीवरून उठून उभं राहणं. गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो आणि त्यावर भार येतो. त्याआधी वुजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, त्यात पाय धुवायला बरेच जण पाय उचलून बेसिनमध्ये ठेवतात, तेही गुडघ्याचंच काम. आजारी माणसाला खुर्चीवर बसून नमाज पढायची मुभा आहे, मशिदीत मागे किंवा कडेला खुर्च्या दिसतात. पण ज्या माणसाने पन्नास वर्षं जमिनीवर सजदा केला त्याला खुर्चीवर बसायला लागणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आपल्याकडे देवासमोर खाली बसता येत नाही म्हणून डोळ्यात पाणी आलेल्या आज्या मी बघितल्यात, तेच हे.

मग फॉर्ममध्ये हे नाही का? अर्धवट आहे. खेळ-करमणुकीच्या भागात उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं हे दोन प्रश्न आहेत. म्हणजे स्वीडन-अमेरिकेच्या हिशोबात गुडघे टेकणं हा खेळाचा किंवा बागकामाचा भाग, आणि कुवेतच्या आजोबांच्या हिशोबात ती दिवसातून पाच वेळची गोष्ट. वर ज्या पानावर पळणं आणि उडी मारणं आहे त्याच पानावर ते आहे, म्हणून पान बघूनच आजोबा म्हणतात हे माझ्यासाठी नाही, आणि अख्खा भाग कोरा. नियम असा आहे की एका भागातले निम्मे तरी प्रश्न भरले असतील तरच त्या भागाचा स्कोअर काढायचा. म्हणजे पाचातले तीन भरून घ्यावे लागतात, आणि पेशंटला नेमकं ज्याचं दुःख आहे त्याचाच आकडा हातात येत नाही.

दुसरी गोम अजून बारीक आहे. जो माणूस दोन वर्षांपासून खुर्चीवरच नमाज पढतो तो गुडघे टेकण्याच्या प्रश्नाला "काही त्रास नाही" टिक करतो, कारण तो गुडघे टेकतच नाही! स्कोअर चांगला, गुडघा वाईट. अशा वेळी फॉर्म देणाऱ्याने स्वतःचं काही सुचवायचं नाही, फक्त फॉर्मवरची सूचना वाचून दाखवायची की खात्री नसेल तर जमेल तितकं योग्य उत्तर द्या.

आता काढायचं की घालायचं. माझं मत स्पष्ट आहे: काढू नका. बाथटबचा प्रश्न काढला की १७ चे १६ झाले, आणि तुमचा आकडा बाकी जगाच्या आकड्याशी ताडता येत नाही, मग केओओएस वापरायचं कारणच उरत नाही. तुम्ही जे करू शकता ते समानार्थी अनुभव शोधणं. बीटनच्या पद्धतीत यालाच अनुभवाची समानता म्हणतात, तिथलं उदाहरण असं की जिथे लोक काट्याने जेवतच नाहीत तिथे काट्याने खायला त्रास होतो का हे विचारण्यात अर्थ नाही, तिथल्या जेवायच्या साधनाबद्दल विचारा. तसं बाथटबच्या जागी अंघोळीच्या जागेत शिरणं-बाहेर येणं, उंबरा किंवा कड ओलांडून, असं ठेवता येतं, हालचाल तशीच आहे. कमोडच्या प्रश्नात इफ्रंजी, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं, टॉयलेट की जमिनीवरचं अरबी टॉयलेट हे ठरवून घ्या, कारण दोन्हीत गुडघा दुमडण्याचा फरक जमीन-अस्मानाचा. पण यातलं काहीही समितीत ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि मूळ लेखकांना कळवायचं, एकट्याने पेनाने खोडून नाही.

आणि नमाजचे प्रश्न घाला, जरूर घाला, पण वेगळ्या पानावर आणि वेगळ्या स्कोअरने. सजद्यात जाताना, सजद्यातून उठताना, पाय दुमडून बसलेलं असताना, खुर्ची लागते का, मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, जमिनीवर बसता येतं का. ते तुमचं स्वतःचं पान, मूळ ४२ ला धक्का न लावता. मला अगदी मनापासून वाटतं की ऑपरेशनच्या आधी हे पान सर्जनच्या टेबलावर असलं पाहिजे, कारण सांधा बदलल्यावर दुखणं जाईल हे सगळे सांगतात, सजदा परत जमेल का हे सांगायचं राहून जातं आणि पेशंट तेच गृहीत धरून बसलेला असतो.

प्रश्न: मी दुबईत डेटा एंट्री करतो, मेडिकलचा माणूस नाही. अरबी फॉर्मवरचे आकडे एक्सेलमध्ये टाकताना सारखा गोंधळ होतो, कुठली बाजू शून्य तेच कळत नाही. काही टिप?

तुमच्यासारख्या माणसाने विचारलं याचा मला फार आनंद झाला, कारण चुका इथेच होतात आणि कुणाला कळतही नाहीत.

अरबी उजवीकडून डावीकडे, म्हणून नीट केलेल्या फॉर्ममध्ये पहिला पर्याय, म्हणजे "अजिबात नाही", उजव्या टोकाला असतो. नुसतं भाषांतर करून इंग्रजी टेबलात चिकटवलं असेल तर तो डावीकडेच राहिलेला असतो, आणि पेशंट उजवीकडून वाचत येतो, त्याला पहिलाच पर्याय "प्रचंड" दिसतो. म्हणून आधी फॉर्म तपासा. पर्यायांच्या डोक्यावर ० ते ४ छापून घेतलं तर उत्तम, पण तिथे दुसरा खड्डा: अरबी आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठी डोळ्याला ५ म्हणजे ० वाटणारच. वयाच्या रकान्यात, दुखणं ० ते १० मध्ये सांगा अशा ठिकाणी ही चूक मी स्वतः केलीय, ५ दुखणाऱ्या बाईला शून्य लावून मोकळी. मजा म्हणजे आकडा लिहिताना मात्र तेही डावीकडून उजवीकडेच लिहितात, आपल्यासारखंच, त्यामुळे ६३ वाचताना उलटं करू नका.

अजून एक. लक्षणांच्या भागात पहिले तीन प्रश्न "कधीच नाही" ने सुरू होतात, आणि पुढचे दोन, गुडघा पूर्ण सरळ होतो का, पूर्ण दुमडतो का, हे "नेहमी" ने सुरू होतात. तिथे नेहमी म्हणजे ० मार्क. शब्द बघून नाही, जागा बघून भरा, आणि रोजचे दहा फॉर्म दुसऱ्याकडून परत भरून ताडून बघा.

प्रश्न: मी केलेल्या अरबी केओओएसचा क्रॉनबाखचा अल्फा ०.९६ आलाय, गाईड खूश आहेत. झालं ना व्हॅलिडेशन, म्हणजे फॉर्म बरोबर मोजतो का याची तपासणी? (नाव नको)

नाही झालं. अल्फा एवढंच सांगतो की एका भागातले प्रश्न एकमेकांशी मिळून चालतात. ०.७० च्या वर हवा हे खरं, पण ०.९५ च्या वर गेला तर शंका घ्यायची असते की तुम्ही एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारताय. आणि सगळ्या ४२ चा मिळून एकच अल्फा काढला असेल तर तो बाजूला ठेवा, पाच भागांचे पाच वेगळे काढा.

मग तोच फॉर्म त्याच पेशंटला एक-दोन आठवड्यांनी परत द्या, मध्ये उपचार बदलायचे नाहीत, आणि आयसीसी, म्हणजे दोन वेळची उत्तरं किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा, तोही ०.७० च्या वर हवा. तारखा ठरवताना मध्ये रमजान सुरू होत नाही ना ते बघा, कारण तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजच्या, जादा रकाती, दिवसभराचा उपास, झोपेची वेळ, सगळंच बदलतं, आणि गुडघा खरंच वेगळा होतो. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर जाऊ नका.

त्यातून मोजमापाची चूक निघते, आणि तिला १.९६ ने आणि २ च्या वर्गमुळाने गुणलं की किती फरक पडला तर तो खरा मानायचा ते कळतं. समजा चूक ५ गुणांची निघाली, तर साधारण १४ गुण. म्हणजे एका पेशंटचा स्कोअर १० ने वाढला तर तुम्ही छातीठोकपणे सुधारला म्हणू शकत नाही. हा आकडा क्लिनिकमध्ये रोज लागतो, अल्फा कधीच लागत नाही.

राहिलं बाकीच्या फॉर्मशी नातं, उदाहरणार्थ एसएफ-३६ या एकूण तब्येतीच्या प्रश्नावलीचा शारीरिक भाग, त्याच्याशी जवळचं नातं निघेल आणि मानसिक भागाशी लांबचं, असे अंदाज आधी लिहून ठेवा आणि त्यातले ७५ टक्के तरी खरे ठरतात का बघा. आकडे आल्यावर अंदाज लिहायचे नाहीत. १५ टक्क्यांहून जास्त पेशंट एकदम तळाला किंवा एकदम टोकाला असतील तर तेही नोंदवा. पेशंट किमान शंभर घ्या. नाव नको म्हणालात ते ठीक, पण गाईडना हे दाखवा.

प्रश्न: मी मुंबईत ऑर्थोपेडिक वॉर्डला सिस्टर आहे. येमेनी, ओमानी पेशंटबरोबर मुलगा किंवा पुतण्या असतो आणि तोच वडिलांचा फॉर्म धडाधड भरून टाकतो. वडिलांना वाचता येत नाही म्हणतो. चालतं का?

सिस्टर, वाचून दाखवलं तर चालतं, भरून टाकलं तर नाही. फॉर्म पेशंटच्या तोंडून हवा. मुलाला बाहेर काढू नका, त्यांच्याकडे ते अपमानाचं होईल आणि वडीलही अवघडतील. त्याला तुमच्या बाजूला बसवा आणि अरबी फॉर्म जसाच्या तसा वाचायला सांगा, स्वतःच्या शब्दांत समजावून नको. उत्तरासाठी वडिलांनी बोटाने पर्याय दाखवायचा. वाचता येत नसेल तर पाच पर्याय क्रमाने दोनदा वाचायचे आणि पाच बोटं दाखवायची.

एक गोष्ट हमखास होणार. तुम्ही विचाराल जिना उतरताना कसं वाटतं, आणि आजोबा म्हणतील, अल्हम्दुलिल्लाह. मुलगा हसून म्हणेल, चांगलं आहे, आणि "काही त्रास नाही" वर टिक. ते उत्तर नाहीये सिस्टर, आपले आजोबा नाही का म्हणत, देवाची कृपा आहे, आणि बोलताना भिंतीला धरून उभे असतात. तुम्हीही म्हणा अल्हम्दुलिल्लाह, थोडं थांबा, आणि तोच प्रश्न तसाच परत वाचायला सांगा. दुसऱ्यांदा बहुतेक जण हात गुडघ्यावर ठेवतात आणि मग खरा पर्याय सांगतात. कोणी वाचून दाखवलं ते फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि डिस्चार्जच्या वेळी शक्यतो त्याच माणसाला वाचायला बसवा.